नखं घासायचा ग्राइंडर: आवाज नव्हे, ताकद बघून घ्या

कुत्रा फरशीवरून चालताना टकटक ऐकू यायला लागलं की नखं वाढलीत असं समजावं. सरळ उभ्या असलेल्या कुत्र्याचं नख जमिनीला टेकता कामा नये. टेकलं तर दर पावलाला बोट वर ढकललं जातं, पंजा फाकतो आणि सांधे दुखणाऱ्या वयस्क कुत्र्याला ते चांगलंच जाणवतं. घरच्या घरी यावर मुख्यतः दोन हत्यारं आहेत: नेलकटर आणि चार्जिंगवर चालणारा छोटा ग्राइंडर. सुट्टीच्या दिवशी कुत्री पाळणारे मित्र जमले की या विषयावर हमखास दोन तट पडतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ग्राइंडर उत्तम साधन आहे, पण बहुतेक लोक ज्या कामासाठी तो घेतात त्यासाठी नाही. महिनोन्महिने वाढलेली नखं एका बैठकीत आखूड करायची असतील तर नेलकटरच घ्या. दर आठवड्याला थोडंथोडं घासून नख ताब्यात ठेवायचं असेल तर मात्र ग्राइंडरला तोड नाही. आणि घेताना खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या दोन गोष्टींना, म्हणजे कमी आवाज आणि संरक्षक टोपी यांना, मी सर्वांत कमी महत्त्व देतो.

सगळा प्रश्न जिव्हाळीचा असतो. नखाच्या आतला हा मऊ भाग, त्यात रक्तवाहिनी आणि मज्जातंतू. पांढऱ्या नखात तो बाहेरून गुलाबी दिसतो, काळ्या नखात दिसतच नाही. नख वाढू दिलं की जिव्हाळीही पुढे सरकते, म्हणूनच वाढलेलं नख एकदम कापता येत नाही. तिच्या अगदी जवळपर्यंत, पण तिला धक्का न लावता, दर ५ ते ७ दिवसांनी घासत राहिलं तर ती हळूहळू मागे हटते आणि पुढच्या वेळी थोडी जास्त जागा मिळते. नेलकटरने एका दाबात किती नख जाईल ते पातं आत शिरल्यावर बदलता येत नाही. ग्राइंडर मात्र अर्धा मिलिमीटर घासून थांबवता येतो, बघता येतं, पुन्हा टेकवता येतो. त्याचं सगळं मोल या थांबण्यात आहे.

आता मोटर. खोक्यावर मिनिटाला किती फेरे एवढंच लिहिलेलं असतं, आणि तेही मोकळं फिरताना. नखावर टेकवल्यावर वेग किती उतरतो ते कुठेच लिहीत नाहीत, खरी परीक्षा मात्र तीच. कमकुवत मोटर लॅब्रॅडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या जाड नखावर गुरगुरून थांबते. मग माणूस आणखी दाबतो, दाबलं की घर्षण वाढतं, नख तापतं आणि कुत्रा पाय ओढून घेतो. घेतल्या घेतल्या ग्राइंडर मधल्या वेगावर लावून स्वतःच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला २ सेकंद हलकेच टेकवून बघावा. आवाज थोडा खाली येऊन स्थिर राहिला तर ठीक. फिरणं अडखळलं, तर जाड नखांच्या कुत्र्यासाठी तो परत करावा. छोट्या जातीच्या बारीक नखांना चालून जाईल.

वेगाचा हिशोब दगडाच्या, म्हणजे नख घासणाऱ्या फिरत्या टोकाच्या, जाडीसकट करायला हवा. मिनिटाला १०,००० फेरे असतील, तर ६ मिलिमीटर जाडीच्या दगडाचा पृष्ठभाग सेकंदाला साधारण ३ मीटर सरकतो. १२.७ मिलिमीटरचा, म्हणजे अर्ध्या इंचाचा ड्रम (जाड, नळकांड्यासारखं टोक) तेवढ्याच फेऱ्यांत सेकंदाला साडेसहा मीटरच्या वर जातो. म्हणून बारीक दगडाचे छोटे ग्राइंडर कागदावर वेगवान दिसतात आणि हातात मंद वाटतात. एका नखाला जास्त वेळ लागतो, तोवर कुत्र्याचा धीर संपतो. मध्यम किंवा मोठ्या कुत्र्यासाठी जाड ड्रम बसणारा ग्राइंडर शोधावा.

लाकूडकाम, मॉडेल बनवणं किंवा कोरीवकामाचा छंद असणाऱ्यांच्या टेबलावर रोटरी टूल, म्हणजे फिरत्या टोकाचं हातात धरायचं यंत्र, आधीच असतं. ते नखांना वापरता येईल का, तर येईल, सर्वांत कमी वेगावर ठेवूनच. ड्रेमेल कंपनीचं ४००० हे छंदवाल्यांमध्ये माहीत असलेलं मॉडेल मिनिटाला ५,००० ते ३५,००० फेरे घेतं. त्याच कंपनीने कुत्र्यांच्या नखांसाठी काढलेल्या ७३००-पीटीला दोनच वेग आहेत: ६,५०० आणि १३,०००. यावरूनच अंदाज घ्यावा. २०,००० च्या पुढचा वेग लाकूड आणि धातूसाठी आहे, नखावर तो क्षणात चटका देतो. छंदाच्या टूलची ताकद भरपूर असते, त्यामुळे ते अडखळत नाही, पण अडखळत नाही म्हणूनच चूक माफही करत नाही. शिवाय आकाराने जाड आणि जड, त्यामुळे छोट्या पंजाजवळ हात अवघडतो. लाकडाला वापरलेला ड्रम नखाला लावू नये. नखांसाठी वेगळा ठेवावा.

घासायच्या टोकांचे दोन प्रकार. सँडपेपरची गुंडाळी असलेला ड्रम ६० ग्रिटचा (ग्रिटचा आकडा लहान तितका कागद खरखरीत) असेल तर झपाट्याने घासतो, १२० ग्रिटचा कडा गुळगुळीत करायला चांगला. गुंडाळी झिजते, तिच्यात नखाची भुकटी भरते आणि भरलेली गुंडाळी घासण्याऐवजी नुसती तापवते. हात लावून गुळगुळीत लागली की बदलावी. दुसरा प्रकार हिऱ्याच्या कणांचा लेप असलेलं धातूचं टोक. ते खूप टिकतं, जुन्या टूथब्रशने साफ होतं, स्पिरिटने पुसता येतं. एकापेक्षा जास्त कुत्रे असतील किंवा एखाद्याच्या नखाला बुरशी असेल तर हेच घ्यावं. सुटं टोक मागवण्याआधी दांड्याची जाडी मोजा. २.३५ आणि ३.२ मिलिमीटर हे दोन्ही माप बाजारात चालतात, आणि चुकीच्या मापाचं टोक घट्ट बसल्यासारखं वाटलं तरी फिरताना थरथरतं.

ही थरथर, आवाजापेक्षा तीच कुत्र्याला जास्त त्रास देते. जाहिरातीतला डेसिबलचा आकडा मोकळ्या फिरणाऱ्या मोटरचा असतो, नखाला टेकल्यावरचा नाही. शिवाय माणसाला साधारण २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकू येतं, कुत्र्याला ४० च्याही वर. आपल्याला शांत वाटणारी मोटर त्याच्या कानाला शांत असेलच असं नाही. पण आवाजाची सवय खाऊ देऊन लवकर लागते, बोटाच्या हाडात शिरणाऱ्या थरथरीची सहजासहजी लागत नाही. ग्राइंडर चालू करून त्याची मागची बाजू आपल्या मनगटाच्या हाडावर टेकवा. मुंग्या आल्या तर कुत्र्यालाही येणार.

संरक्षक टोपीला लहान, मध्यम, मोठं अशी भोकं असतात आणि नख त्यात घालायचं असतं. लांब केसांच्या कुत्र्यासाठी तिचा उपयोग आहे, कारण केस दगडापर्यंत पोचत नाहीत. पण टोपीमुळे नखाचं टोक दिसत नाही, आणि काळ्या नखात टोक बघणं हाच एकमेव आधार असतो. काळ्या नखांसाठी टोपी काढूनच काम करावं. केसांचा प्रश्न पातळ नायलॉनच्या पायमोज्याने सुटतो: पंजावर मोजा चढवायचा, नखं जाळीतून बाहेर काढायची, केस आत राहतात. आपले केस बांधलेले, बाह्या वर केलेल्या हव्यात. फिरत्या ड्रमला केस गुंडाळला गेला तर मुळापासून ओढला जातो, आणि असा एक झटका बसलेला कुत्रा पुन्हा पंजा हातात देत नाही.

सवय लावण्यात घाई केली की सगळं फसतं. आधी बंद ग्राइंडर समोर ठेवून खाऊ. मग बंद ग्राइंडर पंजाला लावून खाऊ. मग दुसऱ्या कोपऱ्यात चालू करून खाऊ, रोज थोडं जवळ आणत. मग चालू ग्राइंडरची मागची बाजू पंजाला. त्यानंतर एकच नख, एकच स्पर्श, आणि त्या दिवसाचं काम तिथेच संपवायचं. कुत्रा पुढची पायरी स्वतःहून सहन करतो तेव्हाच पुढे जायचं. चाटायच्या पॅडवर पीनट बटर लावून गुंतवण्याची युक्ती चालते, पण बाटलीवरचे घटक वाचून घ्या: साखरेऐवजी वापरला जाणारा झायलिटॉल हा गोड पदार्थ कुत्र्यांना विषारी आहे.

पकड अशी: अंगठा बोटाच्या खालच्या गादीवर, तर्जनी वरून नखाच्या मुळाशी, बोट नीट धरलेलं. सैल धरलं तर थरथर पूर्ण पायात जाते. आवळून धरलं तर कुत्रा ओढतो. पाय बाजूला फाकवून धरू नका, त्याच्या नेहमीच्या वाकण्याच्या दिशेनेच उचला. मागचा पाय मागच्या बाजूला, घोड्याला नाल मारताना धरतात तसा.

ड्रम नखाला एका वेळी १ ते २ सेकंद टेकवायचा आणि उचलायचा. दाबायचा नाही, ड्रमचं वजन पुरतं. पहिल्यांदा खालच्या बाजूने तिरकं, साधारण ४५ अंशांत घासावं, मग टोकाकडून आत, शेवटी दोन्ही कडा गोल कराव्यात. एकाच नखावर अडून न बसता चार नखं फिरत राहावीत, म्हणजे प्रत्येकाला थंड व्हायला वेळ मिळतो. जळक्या केसांसारखा वास थोडा येणारच, तो नखातल्या केराटिनचा. वास उग्र झाला किंवा नख बोटाला गरम लागलं तर वेग कमी करा किंवा ड्रम बदला.

काळं नख समोरून बघत घासायचं. सुरुवातीला कापाचा भाग कोरडा, पांढुरका, भुकटीसारखा दिसतो. पुढे मध्यभागी करड्या किंवा काळसर रंगाचा एक ठिपका उमटतो, आजूबाजूपेक्षा गुळगुळीत आणि किंचित ओलसर. तो दिसला की त्या नखाचं काम त्या दिवसापुरतं संपलं. ठिपक्यात गुलाबी छटा दिसायला लागली तर आधीच जास्त गेलात.

तरी कधीतरी रक्त येतंच. त्यासाठी रक्त थांबवणारी स्टिप्टिक पावडर उघडून जवळ ठेवावी, कपाटात नव्हे. चिमूटभर पावडर नखाच्या टोकावर दाबून २ ते ३ मिनिटं धरायची. सारखं उचलून बघितलं की गुठळी सुटते. पावडर नसेल तर कॉर्नफ्लोअर चालतं, फक्त ते रक्त थांबवायला जास्त वेळ घेतं. पुढचे काही तास चिखलात, ओल्या जागी नेऊ नये. २० मिनिटांनंतरही रक्त थांबत नसेल, किंवा नख मुळाशी चिरलं असेल तर वेटर्नरी डॉक्टरकडे जावं. चिरलेल्या नखावर ग्राइंडर चालवायचा नाही.

पुढच्या पायाच्या आतल्या बाजूचं, जमिनीला न टेकणारं ड्यूक्लॉ हमखास विसरलं जातं. ते झिजत नाही, गोल वळतं आणि शेवटी कातडीत घुसतं. भोकात नख घालून कापायच्या गिलोटिन प्रकारच्या कटरमध्ये असं वळलेलं नख शिरत नाही, तिथे ग्राइंडर खरोखर कामी येतो. बोसेरॉन, ग्रेट पिरिनिस अशा जातींना मागच्या पायालाही दुहेरी ड्यूक्लॉ असतात, तेही मोजून घासावेत.

नखाची भुकटी हलकी असते, हवेत तरंगते. खिडकी उघडी ठेवा, मास्क लावा, कुत्र्याचं तोंड पंजापासून दूर राहील असं बसवा. काम झाल्यावर ओल्या कापडाने फरशी पुसावी. झाडलं तर भुकटी पुन्हा उडते.

बॅटरीबद्दल थोडक्यात. लिथियम-आयन असलेला घ्यावा, कारण तिचा विजेचा दाब (व्होल्टेज) शेवटपर्यंत बराच टिकून राहतो. बॅटरी उतरली की चांगली मोटरही अडखळते, आणि लोक दोष मोटरला देतात. महिनाभर वापरायचा नसेल तर निम्मा चार्ज करून ठेवावा. चार्जिंगचं भोक उघडं असलेल्या मॉडेलमध्ये भुकटी शिरते, झाकण असलेलं बघा. दिवा असलेला मिळाला तर घ्या, काळ्या नखाचा ठिपका शोधायला त्याची मदत होते.

ज्याच्या कुत्र्याला पंजाला हात लावलेलाच चालत नाही, त्याने आत्ता ग्राइंडर घेऊ नये. आधी हाताने पंजा धरू देण्याची सवय लावावी. नखं खूपच वाढलेली असतील तर पहिली खेप नेलकटरने, टोकं तेवढी उडवून, आणि कडा ग्राइंडरने. त्यानंतर आठवड्यातला एक ठरावीक दिवस, दर वेळी एकेका पायाला एक-दोन मिनिटं.