नामंजूर पेटंटचं अपील आणि बंद झालेल्या मंडळाची पावती

ज्यांचं पेटंट नामंजूर झालंय अशांना हेरून फोन करणारी एक जमात सध्या फिरते आहे. नाशिकमध्ये आमच्याकडून त्यांनी ६५ हजार रुपये काढले. पैशांचं दुःख आहेच, पण खरा फटका बसला तो अपिलाच्या मुदतीला. सॉफ्टवेअरचं पेटंट मागणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत आणि नामंजुरीही त्यांच्या वाट्याला बऱ्याचदा येते, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

सातपूरला आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. पिंपळगाव, दिंडोरी, निफाड पट्ट्यातल्या द्राक्ष पॅकहाऊसचं काम आम्ही करतो. तिथल्या मॅनेजरला हंगामात भलभलते प्रश्न पडतात. कोणत्या प्लॉटचा माल कोल्ड स्टोअरेजला आहे, त्यातल्या कोणाचा रेसिड्यू रिपोर्ट (फवारणीच्या औषधांचे अंश तपासल्याचा अहवाल) अजून आलेला नाही, कोणतं पॅलेट कोणत्या कंटेनरला लागणार. उत्तरं सगळी डेटाबेसमध्ये असतात, पण त्यासाठी क्वेरी, म्हणजे डेटाबेसला कळेल अशा भाषेतला प्रश्न, लिहायला कोण बसणार? आम्ही पडद्यावर चित्रं दिली. प्लॉटच्या चित्रावरून बोट ओढत कंटेनरपर्यंत न्यायचं, मध्ये रिपोर्टची चाळणी लावायची, की मागे क्वेरी आपोआप तयार. शिवाय कोणती टेबलं एकमेकांना जोडायची याचा हिशेब आधीच करून ठेवल्यामुळे पॅकहाऊसच्या जुनाट कॉम्प्युटरवरही उत्तर पटकन येतं. पेटंट मागितलं होतं ते मुख्यतः या मागच्या भागासाठी.

अर्जावर निर्णय देणाऱ्या पेटंट ऑफिसच्या अधिकाऱ्यानं, म्हणजे कंट्रोलरनं, अर्ज नामंजूर केला. कारणं अपेक्षित होती. पेटंट कायद्याच्या कलम ३ (के) नुसार नुसता कॉम्प्युटर प्रोग्राम किंवा अल्गोरिदम हा शोध ठरत नाही. ३ (एन) नुसार माहितीची नुसती मांडणीही नाही. शिवाय पडद्यावर नमुना भरून डेटाबेसला प्रश्न विचारायची पद्धत आयबीएममध्ये मोशे झ्लूफ यांनी १९७० च्या दशकातच आणली होती, तेव्हा यात नवं काय, हा तिसरा आक्षेप. आमच्या पुण्याच्या पेटंट एजंटनं सरळ सांगितलं, की आता रस्ता मुंबई हायकोर्टाचा, तिथे वकील वेगळा करावा लागेल आणि खर्चाची तयारी ठेवा. त्यावर आमचा विचार चालू होता.

तेवढ्यात फोन आला. माणूस अस्सल नाशिकचं मराठी बोलणारा. "सर, तुमची ऑर्डर वाचली. अन्याय झालाय तुमच्यावर." त्याला आमचा अर्ज क्रमांक, हिअरिंगची तारीख, ऑर्डरमधल्या कोणत्या परिच्छेदात काय म्हटलंय, सगळं पाठ. ऐकणाऱ्याला वाटावं, हा आतला माणूस आहे. यातलं काहीही आतलं नव्हतं. अर्ज एकदा प्रकाशित झाला, की पेटंट ऑफिसच्या सर्च पोर्टलवर अर्ज, आक्षेप, आपलं उत्तर आणि शेवटची ऑर्डर, सगळं कोणालाही उघडता येतं. अर्जदाराचा पत्ता आणि ईमेलसुद्धा तिथेच मिळतो. नामंजूर अर्जांची यादी काढायची आणि एकेकाला फोन लावायचा, एवढाच यांचा धंदा.

कॉलेज रोडला तासावर भाड्यानं मिळणाऱ्या एका केबिनमध्ये भेट झाली. टेबलावर कायद्याची जाडजूड पुस्तकं, भिंतीवर अशोकस्तंभाचं कॅलेंडर. माणूस अभ्यास करून आला होता, हे मात्र मान्य करावं लागेल. त्यानं फरीद अलानी खटल्याचा दाखला दिला. तो खटला खराच आहे. इंटरनेटवरच्या माहितीपर्यंत पोहोचण्याच्या पद्धतीसाठी २००२ साली भारतात केलेला अर्ज, डिसेंबर २०१९ मध्ये दिल्ली हायकोर्टानं म्हटलं, की बंदी नुसत्या प्रोग्रामवर आहे, प्रोग्राममुळे तांत्रिक परिणाम साधत असेल तर अर्ज तपासून बघा. पुढे २०२० मध्ये बौद्धिक संपदा अपील मंडळानं ते पेटंट दिलं. "आपणही तिथेच जायचं सर. हायकोर्टात वर्षानुवर्षं लटकाल. मंडळात सहा महिन्यांत निकाल. आपलं बोलणं असतं तिथे." हे शेवटचं वाक्य त्यानं आवाज खाली आणून टाकलं.

४० हजार सरकारी फी आणि २५ हजार त्याची फी. आता हिशेब बघा. स्टार्टअपसाठी पेटंटच्या ऑनलाइन अर्जाची मूळ फी १,६०० रुपये आणि तपासणीची ४,०००. त्याच सरकारची अपिलाची फी म्हणे ४० हजार! आणि पैसे गेले ते एका ट्रेडिंग कंपनीच्या चालू खात्यात. "आमचं अकाउंट्स तेच बघतात," इति महाशय.

पावती दोन दिवसांत आली. वर मंडळाचं नाव, खाली चेन्नईचा पत्ता, गोल शिक्का आणि अपील क्रमांकही अगदी मंडळाच्या जुन्या धाटणीचा: ओए, तिरकी रेघ, आकडा, पीटी, एमयूएम. अपिलाचा मसुदा मागितला तर टाळाटाळ. फार मागे लागल्यावर पीडीएफ आली. ती वाचताना माझ्या भागीदाराला हसावं की रडावं कळेना. आम्हीच आक्षेपांना दिलेलं उत्तर पोर्टलवरून उतरवून, वरचा मथळा बदलून, जसंच्या तसं चिकटवलेलं. आमच्या मूळ उत्तरात टायपिंगच्या घाईत एका ठिकाणी पॅलेटचं पॅकेट झालं होतं. तेही तिथे मुक्कामाला होतं.

पावतीचं भांडं फोडलं माझ्या भाचीनं. ती लॉ करते. रविवारी घरी आली होती, कागद बघून म्हणाली, "मामा, हे मंडळ कधीच बंद झालंय." ४ एप्रिल २०२१ च्या अध्यादेशानं अपील मंडळ रद्द झालं आणि त्याची कामं हायकोर्टांकडे गेली. आमच्या पावतीवरची तारीख त्यानंतर तीन वर्षांहून जास्त उलटल्यावरची. म्हणजे बंद झालेल्या कचेरीचा ताजा शिक्का आमच्या हातात होता. अलानीचं पेटंट त्याच मंडळानं दिलं हे खरं असल्यामुळे खोटंही त्याच ओघात खपून गेलं. सगळंच खोटं बोलणारा माणूस लवकर पकडला जातो, हा त्या जातीतला नव्हता.

दुसऱ्या दिवशी भाचीनंच विचारलं, "वकीलपत्रावर सही कुठे केलीत?" कुठेच नव्हती केली. त्यानं मागितलीच नव्हती. हायकोर्टात अपील करायचं तर पेटंट एजंट चालत नाही, वकील लागतो आणि वकील तुमच्या सहीच्या वकीलपत्राशिवाय उभा राहू शकत नाही. पैसे घेतले पण सही मागितली नाही, तर अपील कुठेच दाखल होत नाहीये, हे पक्कं समजा. दाखल झालेल्या प्रकरणाचा नंबर कोर्टाच्या वेबसाइटवर टाकून स्वतः बघता येतो. त्यासाठी कोणाच्या पीडीएफची गरज नाही. आणि समोरचा स्वतःला पेटंट एजंट म्हणवत असेल तर नोंदणीकृत एजंटांची यादी पेटंट ऑफिसच्या साइटवर आहे. आमच्या महाशयांचं नाव त्यात नाही. नोंदणी नसताना एजंट म्हणून काम करणं हा पेटंट कायद्याखालीच दंडाला पात्र प्रकार आहे.

मुदतीचं गणित असं. कलम ११७ (ए) खाली अपिलाला ऑर्डरच्या तारखेपासून तीन महिने मिळतात. त्याच कंट्रोलरकडे पुनर्विलोकन, म्हणजे ऑर्डरचा फेरविचार, मागायचा तर त्यालाही ठरलेली मुदत असते. या माणसानं "तारीख लागली की कळवतो" करत दोन्ही मुदती घालवल्या. हायकोर्ट उशीर माफ करू शकतं, तशी तरतूद कायद्यात आहे, पण कारण पटवून द्यावं लागतं. म्हणून पंचवटी एक्सप्रेसनं मुंबई गाठून फोर्टात वकील केला. आता ती बनावट पावती, बँकेची नोंद आणि पोलिसांतली तक्रार हेच उशिराच्या कारणाचे आमचे कागद आहेत. कोणावर अशी वेळ आली, तर रागाच्या भरात चॅट डिलीट करू नका. आमच्या वकिलांनी पहिल्यांदा मागितलं ते चॅटच, तारखांसकट.

अपिलाचा मुद्दाही वकिलांनी वेगळा बांधला. चित्रांवर त्यांनी फारसा भर दिला नाही. आधी किती मेमरी लागत होती आणि आता किती लागते, याची मोजमापं आमच्या मूळ अर्जातच होती, ती पुढे आणली. अपिलात नव्यानं काही घुसवता येणं अवघड, जे आहे ते मूळ अर्जात असायला हवं. जाता जाता, पडद्याचं नुसतं रूप जपायचं असेल तर डिझाइन नोंदणीचा वेगळा रस्ता अजमावता येतो आणि कोडला कॉपीराइट आहेच. आम्हाला मागचं यंत्र जपायचं होतं, म्हणून पेटंट.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला, नाशिकच्या सायबर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. त्या ट्रेडिंग खात्यात उरलेली थोडी रक्कम गोठवली गेली आहे. बाकी कुठे गेली त्याचा शोध चालू आहे. कॉलेज रोडच्या केबिनवाल्याकडे त्या माणसाचा फक्त एक मोबाइल नंबर निघाला, तो बंद आहे.

आणि हो, तक्रारीनंतर महिनाभरानं एका बाईंचा फोन आला. अशा फसवणुकीतले पैसे परत मिळवून देणारी त्यांची संस्था आहे म्हणे, आधी फक्त ८ हजार प्रोसेसिंग फी भरायची. आमच्याकडून किती रुपये गेले, तो आकडा त्यांना बरोबर माहीत होता. हा आकडा कुठल्याही पोर्टलवर नाही. तो नंबरही पोलिसांना देऊन आलो.