नऊ जणांत एक की दोघांत एक? कॅन्सरचा कुठला आकडा धरावा

आरोग्य शिबिराचं भाषण असो की कॉलेजचा प्रोजेक्ट, ‘आयुष्यात कॅन्सर होण्याची शक्यता किती’ हे शोधायला बसलं की दोन आकडे हमखास समोर येतात. एक आपल्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाचा, नऊ भारतीयांत एक. दुसरा ब्रिटनचा, व्हॉट्सॲपवर फिरणारा, दोघांत एक. तिकडे कॅन्सरचं प्रमाण जास्त आहेच, पण हे दोन आकडे एका मापाने मोजलेले नाहीत. जळगावला संख्याशास्त्र शिकवताना दोन्ही रीती मुलांकडून करून घेतल्या, त्यावरून लिहितो.

आपला आकडा 0 ते 74 वयाचा संचित धोका आहे, म्हणजे त्या वयापर्यंत साचत गेलेली एकूण शक्यता. पाच-पाच वर्षांच्या वयोगटांचे नव्या कॅन्सरचे वार्षिक दर घ्या, पाचाने गुणा, बेरीज करा आणि घातांकाचं सूत्र (1 − e^−बेरीज) लावा. बेरीज 12 टक्के आली तर धोका 11.3 निघतो, 50 आली तर 39. एक्सेलमध्ये अर्ध्या तासाचं काम. गृहीतक मात्र धाडसी: पंच्याहत्तरी गाठेपर्यंत माणूस दुसऱ्या कशानेही मरत नाही.

दुसऱ्या रीतीत जीवनसारणी, म्हणजे कोणत्या वयापर्यंत किती माणसं उरतात याचा तक्ता, येते. प्रत्येक वयात हार्ट ॲटॅकने, अपघाताने गेलेली माणसं वजा करत शेवटपर्यंत जायचं, आणि एकाच माणसाचे दोन कॅन्सर दोनदा मोजले जाणार नाहीत हेही पाहायचं. ब्रिटनचा दोघांत एक हा 2015 साली प्रसिद्ध झालेला आकडा 1960 नंतर जन्मलेल्यांसाठी आहे, आणि त्यात पुढच्या दशकांतले दर अंदाजाने धरले आहेत.

कागदावर दुसरी रीत जास्त प्रामाणिक, हे मी मान्य करतो. यावलकडच्या एका गावात नऊ जणांत एक सांगितलं, तर पुढच्या रांगेतले एक आबा म्हणाले, “सर, मंग पंच्याहत्तरना पुढे काय?” प्रश्न रास्त होता. प्रोस्टेटसारखे कॅन्सर उतारवयातच जास्त दिसतात, आणि पहिली रीत तिथे दार लावून घेते.

तरी माझं मन दुसऱ्या रीतीवरून उडालं ते एका गोष्टीमुळे. वर्गात आम्ही कॅन्सरचे दर तेच ठेवले आणि फक्त इतर मृत्यूंचे दर वाढवून पाहिले. आयुष्यभराचा धोका लगेच खाली आला. गणित चोख होतं. पण नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावकडचा एक विद्यार्थी म्हणाला, “म्हणजे आमच्याकडे लोक लवकर जातात, म्हणून आम्ही कॅन्सरपासून जास्त सुरक्षित?” सूत्राच्या हिशेबाने उत्तर ‘हो’ असंच होतं. वादळात आडव्या झालेल्या केळीच्या बागेत करपा मोजावा, तसला हा प्रकार. नंदुरबार आणि जळगाव शेजारी ठेवायचे असतील, तर ज्या जिल्ह्यात बाकीचे हाल जास्त त्याला चांगले गुण देणारं माप मला नको वाटतं. कदाचित मी जरा हळवेपणाने बोलत असेन. पण वर्गात मुलांच्या तोंडाकडे बघत हे समजावून सांगा, मग बोलू.

शिवाय दुसऱ्या रीतीला लागणारं सामान आपल्याकडे कुठे आहे? जीवनसारण्या राज्याच्या मिळतात, जिल्ह्याच्या नाहीत. कॅन्सरचे मृत्यू वेगळे काढायचे, तर खेड्यात घरीच गेलेल्या माणसाचं कारण बहुतेक वेळा डॉक्टरने लिहिलेलंच नसतं. ऐंशीच्या आजीला बायोप्सीसाठी नाशिकला किंवा मुंबईला नेणारी घरंही माझ्या पाहण्यात थोडीच. म्हणजे पंच्याहत्तरीपुढचे दर मुळातच कच्चे, आणि आयुष्यभराचा आकडा त्यांच्याच भरवशावर. 74 ला थांबण्याचा हट्ट मला म्हणून शहाणपणाचा वाटतो.

काही कामांना दुसरीच रीत हवी. पुढे किती खाटा लागतील याचा अंदाज बांधणारे, विम्याचा हप्ता ठरवणारे यांना माणूस आधी कशाने जाणार हे सोडून चालत नाही. आणि सगळी तुमची माहिती ब्रिटन-अमेरिकेसारखी पक्की असेल, तर माझ्या निम्म्या तक्रारी गळून पडतात.

गावात बोलायचं असेल तर मी 0 ते 74 चाच आकडा घेईन, पण त्याची अट मोठ्याने सांगून: “पंच्याहत्तरीपर्यंत दुसऱ्या कशाने गेलो नाही तर.” राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालातले सुटे आकडे तर लोकांच्या लगेच लक्षात राहतात: स्तनाचा कॅन्सर 29 बायकांत एकीला, फुप्फुसाचा 68 पुरुषांत एकाला. समोर गुटख्याची पुडी खिशात घेऊन बसलेला कोणी असेल (बंदी 2012 पासून आहे, पुडीही आहे), तर ही सरासरी त्याच्यासाठी नाही हे स्पष्ट सांगा. तोंडाच्या कॅन्सरचा त्याचा धोका दोन्ही रीतींच्या सरासरीत बुडून जातो.

त्या अहवालातल्या 28 लोकसंख्या-आधारित कॅन्सर नोंदणी केंद्रांत जळगाव, धुळे, नंदुरबार नाहीत. दर उसनेच घ्यावे लागतात. मुलं सरळ मुंबईचे उचलतात. मी अजिंठ्याच्या घाटापलीकडचे, औरंगाबादचे (आताचं छत्रपती संभाजीनगर) घ्यायला सांगतो, आणि ते शहराचे आहेत हे तक्त्याखाली लिहायला लावतो.