१५ × १५ ची एचडीपीई ग्रो बॅग: वांग्यासाठी चांगली, पण आत काय भरता त्यावर सगळं

गच्चीवर भाजी लावायची ठरली की पहिली खरेदी होते ती हिरव्या एचडीपीई, म्हणजे विणलेल्या प्लास्टिकच्या, ग्रो बॅगची. वांगी, मिरची, टोमॅटो लावणार असाल तर १५ × १५ इंचांची बॅग आम्ही बेलाशक सुचवू. साधारण ४० लिटर माती मावते, मुळांना पसरायला जागा मिळते, आणि रिकामी झाली की घडी घालून ठेवता येते. मेथी, कोथिंबीर, पालकासाठी मात्र एवढी खोल बॅग म्हणजे मातीची नासाडी. त्यांना १८ × ९ ची पसरट बॅग घ्या.

घेताना जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) बघा, २२० च्या खालची नको. त्याहून महत्त्वाची शिवण. बॅग बहुतेकदा फाटते ती कानापाशी, म्हणजे उचलायच्या पट्ट्यापाशी, भरल्यावर ओढली म्हणून. कान तळापर्यंत दुहेरी टाक्यानं शिवलेले हवेत. उन्हानं कापडाची भुकटी सुटायला लागली की बॅग बदला, नाहीतर ते प्लास्टिक मातीत उतरतं.

तळाला खडी घालायचा सल्ला सर्रास दिला जातो. घालू नका. खडीनं वजन वाढतं आणि पाणी तिच्यावरच्या मातीत अडून राहतं. भोकांवर नारळाच्या शेंड्या किंवा मूठभर सुका पाला पुरे. बॅग विटांवर ठेवा, म्हणजे तळ मोकळा राहतो आणि स्लॅबवर ओल धरत नाही.

आता भरण. दहा लिटरच्या बादलीनं मोजलं तर चार बादल्या लागतात: माती, भिजवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कुजलेलं खत समसमान, वर दोन मुठी निंबोळी पेंड. काठापासून दोन इंच रिकामे ठेवा.

बिघडतं ते कोकोपीटपाशी. पाच किलोची वीट २०-२५ लिटर पाण्यात फुगवली की साठ-सत्तर लिटर भुसा होतो. पण नारळाच्या काथ्यात क्षार असतात. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघतं, ते ओतून द्या आणि निदान दोनदा धुवा. न धुता वापरलं तर पानांच्या कडा करपतात आणि लोक पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी घालत बसतात. दुसरी खोड अशी की कोकोपीट वरून कोरडं दिसतं तेव्हा आत ओलं असतं. बोट दोन पेरं खुपसून बघा, मगच पाणी घाला. उलट, ते अगदी सुकलं तर पाणी धरत नाही, कडेनं सरळ खाली निघून जातं. मग तांब्या-तांब्यानं, थांबत थांबत घालावं लागतं.

सोसायटीत पाचोळा मुबलक असेल तर कोकोपीट विकत घ्यायचीही गरज नाही. कोल्हापूरचे श्रीपाद दाभोलकर ‘प्रयोग परिवार’ या शेतीत प्रयोग करणाऱ्यांच्या गटातून हेच सांगत: पालापाचोळा कुजवून माती घडवा.

शेणखत चहाच्या भुकटीसारखं मोकळं आणि बिनवासाचं हवं. अर्धकच्च्या खतातून हुमणी ही मुळं खाणारी अळी येते. हट्टीकट्टी वांगी पाणी असूनही दुपारी माना टाकायला लागली तर वरची माती उकरून बघा. पांढरी, इंग्रजी सी-सारखी वळलेली अळी मुळाशी सापडेल.

वजनाचा विचार बहुतेक जण करत नाहीत. अशी ओली बॅग चाळीस किलोच्या आसपास भरते. चौरस मीटरला दाटीनं सहा लावल्या की २४० किलो झाले. भारतीय मानकात वावर असलेल्या गच्चीसाठी १५० किलोच्या आसपासचा भार धरलेला असतो. तेव्हा बॅगा विरळ ठेवा, आणि शक्यतो भिंतीच्या किंवा बीमच्या रेषेवर.

पावसाळ्यात खत धुपून जातं, खालची पानं पिवळी पडतात. दर पंधरा दिवसांनी दोन मुठी गांडूळखत घाला. एप्रिल-मेमध्ये दुपारच्या उन्हात बॅगेची पश्चिमेची बाजू तापते आणि मुळं भाजतात. त्या बाजूला गोणपाट टेकवला तरी फरक पडतो.

वांगं तकतकीत असतानाच काढा. तकाकी गेली की आत बी भरतं, साल चिवट होते. देशी वाण असेल तर एक चांगलं वांगं मात्र झाडावरच पिवळं होऊ द्या. मग ते चिरून पाण्यात चोळा. तळाशी बसतं ते भरलेलं बी, तरंगणारं टाकून द्या. सावलीत वाळवून, चुलीची राख मिळाली तर ती लावून डबीत ठेवा. एका वांग्यात शेजाऱ्यांना वाटूनही उरेल इतकं बी निघतं. हायब्रीडचं बी धरू नका, पुढची झाडं सारखी येत नाहीत.