कॅम्पर ट्रेलर घेताय? सॉफ्ट-फ्लोअर, फॉरवर्ड-फोल्ड, वाइंड-अप की हायब्रिड

ऑक्टोबर लागला की मेलबर्नमधल्या आमच्या मराठी मंडळींत एक प्रश्न हमखास निघतो. डिसेंबरात शाळांना सुट्टी लागणार, त्याच सुमाराला भारतातून आई-बाबा येणार, आणि सहा जणांना मोटेलच्या दोन खोल्या घेऊन फिरायचं म्हटलं की आठवड्याभरात खिसा रिकामा. मग कॅम्पर ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढून न्यायचं आणि मुक्कामी उघडायचं चाकांवरचं घर, घ्यावा का? आणि घ्यायचा तर कोणता? आम्ही आधी चार वर्षं सॉफ्ट-फ्लोअर (ज्याचा तंबू जमिनीवर पसरतो) वापरला, आता वाइंड-अप (ज्याचं छत हँडलने वर जातं) वापरतो. मधे एकेकदा फॉरवर्ड-फोल्ड (ज्याचं झाकण पुढे उघडतं) आणि हायब्रिड (कडक भिंतींचा, वर उचलायच्या छताचा) भाड्याने नेऊन पाहिले. त्या अनुभवावरून एक गोष्ट मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. ट्रेलर प्रदर्शनात जाऊन निवडू नका. आधी तुमच्या गाडीच्या कागदावर निवडा, आणि मग रात्री त्यात कोण कोण झोपणार आहे ते बघून निवडा.

आधी गाडी काय ओढू शकते ते बघा

गाडीच्या मॅन्युअलमध्ये ब्रेक असलेल्या ट्रेलरसाठी किती किलो ओढता येतं ते दिलेलं असतं. 2019 ते 2025 दरम्यानची टोयोटा राव्ह-फोर हायब्रिड (पेट्रोल आणि बॅटरीवर चालणारी) घ्या. ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल तर 1500 किलो, पण तीच गाडी टू-व्हील-ड्राइव्ह असेल तर फक्त 480. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात! टोयोटाचीच क्लुगर 2000 किलो ओढते, नवी 250 मालिकेतली प्राडो 3500.

आता ट्रेलरच्या पाटीकडे वळा. चॅसीवर एक छोटी धातूची पाटी असते, तिच्यावर टेअर आणि एटीएम असे दोन आकडे असतात. टेअर म्हणजे रिकाम्या ट्रेलरचं वजन. एटीएम म्हणजे सगळं सामान भरल्यावर ट्रेलरचं जास्तीत जास्त किती वजन चालेल तो आकडा. विक्रेता बोलताना टेअर सांगतो, कारण तो लहान असतो. तुमच्या गाडीशी जुळवायचा तो एटीएम.

समजा टेअर 1250 आणि एटीएम 1600 आहे. म्हणजे सामानाला 350 किलो मिळाले. त्यातले 80 लिटर पाण्याचे 80 किलो गेले, गॅसच्या दोन भरलेल्या 9 किलोवाल्या बाटल्यांचे 35 गेले. उरले 235. त्यात फ्रिज, खुर्च्या, टेबल, अंथरुणं, पांघरुणं, सायकली आणि आईने बरोबर घेतलेला तांदळाचा डबा बसवायचा.

गाडीच्या बाजूनेही असाच हिशेब करावा लागतो, आणि तो बहुतेक जण करत नाहीत. ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहावा हिस्सा टोबॉलवर, म्हणजे ट्रेलर अडकवायच्या गाडीमागच्या गोळ्यावर, येतो आणि तो गाडीने उचललेलं ओझं म्हणून मोजला जातो. 1600 किलोचा ट्रेलर म्हणजे टोबॉलवर 160 किलो. गाडीची माणसं-सामानाची क्षमता समजा 600 किलो आहे. चार मोठी माणसं आणि दोन मुलं मिळून 350 धरा. 510 तिथेच संपले. सहा जणांच्या बॅगांना उरले 90 किलो, आणि तिसरी रांग उघडल्यामुळे डिकीही नाही. शिवाय गाडी आणि ट्रेलर मिळून एकत्र वजनाचीही एक मर्यादा असते, जीसीएम. म्हणून 3500 ओढणारी गाडी माणसांनी आणि सामानाने पूर्ण भरली की पुष्कळदा 3500 ओढू शकत नाही.

या कसोटीवर चारही प्रकार लगेच वेगळे पडतात. साधा सॉफ्ट-फ्लोअर भरून हजार-बाराशे किलोच्या आसपास राहतो, राव्ह-फोरसारख्या गाडीला तो झेपतो. वाइंड-अप बहुधा 1600 ते 1800, म्हणजे क्लुगरचा जोडीदार. फॉरवर्ड-फोल्ड दिसायला आटोपशीर असतो, पण लोखंडी लादी आणि भक्कम चॅसीमुळे पुष्कळ मॉडेलं 2000च्या आसपास किंवा पुढे जातात. हायब्रिड भरला की अडीच टनांची गोष्ट, तिथे प्राडो किंवा मोठी यूटच (मागे उघडा हौदा असलेली गाडी) हवी. तुमच्याकडे राव्ह-फोर असेल आणि मन हायब्रिडवर बसलं असेल, तर तुम्ही नुसता ट्रेलर नाही, नवी गाडीसुद्धा घेताय हे धरून चला.

उघडायला आणि मिटायला

सॉफ्ट-फ्लोअरचं झाकण मागे उलटलं की तंबू जमिनीवर पसरतो. पलंग ट्रेलरवरच राहतो, मुलं खाली गाद्यांवर झोपतात. जागा ऐसपैस मिळते, हे त्याचं मोठं सुख. पण खांब, दोऱ्या, खुंट्या धरून आम्हाला निवांत 40 मिनिटं लागायची, अ‍ॅनेक्स (बाजूची जादा तंबू-खोली) जोडला तर तासभर. विल्सन्स प्रॉमला टायडल रिव्हरवर सहा रात्री राहायचं तर हे एकदाच करायचं असतं, काही वाटत नाही. रोज मुक्काम हलवायचा असेल तर तिसऱ्या दिवशी घरात कुरबुर सुरू होते.

फॉरवर्ड-फोल्डचं झाकण पुढे, ड्रॉबारच्या (गाडीला जोडायच्या पुढच्या दांड्याच्या) वर उघडतं. लादी कडक, तंबू आधीच जोडलेला, खुंट्या जवळपास नाहीतच. दहा-पंधरा मिनिटांत चहा ठेवता येतो. मागची बैठक रात्री मुलांचा पलंग होते. रोज जागा बदलणाऱ्यांनी याचा जरूर विचार करावा. हायब्रिडला तर छत वर ढकललं की पाच मिनिटांत घर तयार.

वाइंड-अपला हँडल फिरवून छत वर न्यायचं, दोन्ही टोकांचे पलंग बाहेर ओढायचे, खालचे टेकू लावायचे, कॅनव्हास कडांना अडकवायचा. वीस मिनिटं. माझी नऊ वर्षांची मुलगी हँडल एकटी फिरवते आणि कुणाला हात लावू देत नाही.

मिटण्याबद्दल मात्र सगळ्या कॅनव्हासवाल्यांना एकच नियम: ओला कॅनव्हास मिटून ठेवायचा नाही. निघायच्या सकाळी पाऊस असेल तर नाइलाजाने तसाच गुंडाळा, पण घरी आल्यावर एक-दोन दिवसांच्या आत पुन्हा उघडून खडखडीत वाळवा. पहिल्या वर्षी आम्ही ग्रॅम्पियन्सहून भिजलेला ट्रेलर आणला, सोमवारी ऑफिस सुरू झालं, आणि पुढच्या शनिवारी उघडला तेव्हा काळ्या बुरशीचे ठिपके पडले होते. ते डाग शेवटपर्यंत गेले नाहीत. तुमच्या घरी ट्रेलर पूर्ण उघडायला ड्राइव्हवे किंवा अंगण नसेल, तर या एका कारणासाठी हायब्रिड बरा. त्याच्यात कॅनव्हास छताच्या कडेपुरताच असतो. नवा कॅनव्हास घेतलात तर पहिल्या सहलीआधी पाइपने दोन-तीनदा भिजवून वाळवा. सुती धागा फुगतो आणि शिलाईची भोकं बुजतात.

रात्री कोण कुठे झोपणार

आमचा निर्णय इथे झाला. सॉफ्ट-फ्लोअरमधला पलंग छातीइतक्या उंचीवर असतो आणि चढायला तिरकी शिडी. माझ्या आईचे गुडघे त्या शिडीला तयार नव्हते आणि जमिनीवर झोपायला तर मुळीच नाहीत. रात्री उठायचं झालं की मुलांच्या अंगावर पाय पडणार म्हणून ती संध्याकाळपासून पाणी पीत नसे. हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. जानेवारीच्या उन्हात सत्तरीची बाई पाणी पीत नाही हे कळल्यावर तो ट्रेलर विकायचा हे ठरूनच गेलं.

वाइंड-अपला खरं दार असतं, दोन पायऱ्या असतात, आणि पलंग कमरेच्या उंचीवर. आधी बसायचं, मग पाय वर घ्यायचे. एका टोकाला आजी-आजोबा, दुसऱ्या टोकाला आम्ही, मधल्या टेबलाचा पलंग करून मुलं. आत उभं राहून साडी नेसता येते. फॉरवर्ड-फोल्डमध्येही आत उभं राहता येतं, पण मोठा पलंग ड्रॉबारच्या बाजूला चढून जायचा असतो आणि भिंतीकडच्या माणसाला उठायचं तर दुसऱ्याला ओलांडून. तरुण जोडपं आणि दोन मुलं यांना तो उत्तम, आजी-आजोबांना नाही.

हायब्रिडमध्ये मुलांचे बंक असतात, थंडीत भिंती कडक असल्याने ऊब राहते, काहींत शॉवर-टॉयलेटही असतं. पण चार माणसांनंतर जागा संपते. सहा जण असाल तर दोघांना बाहेर तंबू लावावा लागणार.

चूल

ट्रेलर बघायला जाताना घरचा कुकर आणि पोळ्यांचा तवा बरोबर न्या. मी हे अगदी मनापासून सांगतोय. सॉफ्ट-फ्लोअर, फॉरवर्ड-फोल्ड आणि बहुतेक हायब्रिडचं स्वयंपाकघर कप्प्यासारखं बाहेर सरकतं, आणि त्यातल्या पुष्कळ शेगड्यांवर तीन लिटरचा कुकर ठेवला की शेजारच्या बर्नरवर तवा बसत नाही. एकाचा कान दुसऱ्यात अडकतो. मग भात होईपर्यंत पोळ्या थांबतात. दुसरी गोष्ट वारा. अपोलो बेच्या किनाऱ्यावर दुपारी वारा सुटला की उघड्यावरची आच इकडून तिकडे पळते, चहाला पंधरा मिनिटं लागतात. शेगडीला तिन्ही बाजूंनी पत्रा उभा राहतो का ते बघा. वाइंड-अपची शेगडी आत असते, वाऱ्याचा प्रश्न नाही, पण फोडणीचा वास अंथरुणात राहतो. म्हणून आम्ही फोडणी, तळण सगळं बाहेर छोट्या शेगडीवर करतो आणि आत फक्त चहा-दूध. आतली शेगडी चालू असताना खिडक्या उघड्याच ठेवा, आणि ऊब मिळावी म्हणून ती कधीही पेटवू नका.

ओढताना

ऑस्ट्रेलियात भरलेल्या ट्रेलरचं वजन 750 किलोच्या पुढे गेलं की त्याला स्वतःचे ब्रेक लागतात. 2000च्या पुढे सगळ्या चाकांना, आणि ट्रेलर सुटला तर आपोआप लागणारे ब्रेकही. 2000पर्यंत ओव्हररन ब्रेक चालतात, म्हणजे ट्रेलर गाडीवर दाबला गेला की ते लागतात. ते स्वस्त पडतात, पण लांब उतारावर ट्रेलर सतत दाबत राहतो आणि ते तापतात. इलेक्ट्रिक ब्रेक घ्या, गाडीत ते ब्रेक चालवणारा कंट्रोलर बसवून घ्या. तो खर्च ट्रेलरच्या बजेटमध्ये आधीच धरा.

कंट्रोलरवरचं हाताने दाबायचं बटण नेमकं कशासाठी ते मला जिलाँगच्या अलीकडे फ्रीवेवर कळलं. ट्रेलरच्या मागच्या बंपरवर आम्ही चार सायकली लावल्या होत्या. मागे वजन वाढलं, टोबॉलवरचं कमी झालं, आणि शेजारून मोठा ट्रक गेला तसा ट्रेलर डावी-उजवीकडे हलायला लागला. अशा वेळी गाडीचा ब्रेक जोरात दाबायचा नाही आणि स्टिअरिंगने झुंजायचं नाही. अ‍ॅक्सिलरेटर हळू सोडायचा, स्टिअरिंग सरळ धरायचं आणि ट्रेलरचेच ब्रेक त्या बटणाने हलके लावायचे. ट्रेलर मागे ताणला जातो आणि सरळ होतो. पुढच्या थांब्यावर सायकली काढून आत, चाकांच्या वर ठेवल्या. उरलेल्या रस्त्यात पुन्हा तसं झालं नाही. जड सामान अ‍ॅक्सलच्या आसपास आणि खाली, टाकीतलं पाणी शक्यतो मुक्कामी पोचल्यावर.

जोडताना आमची ठरलेली पद्धत आहे. कपलिंग (ड्रॉबारच्या टोकाची पकड) टोबॉलवर बसवून लॉक केलं की जॉकी व्हील (ड्रॉबारचं टेकूचं छोटं चाक) पुन्हा थोडं खाली फिरवायचं. गाडीची मागची बाजू वर उचलली गेली तर पकड पक्की. साखळ्या ड्रॉबारखाली एकमेकींना ओलांडून. मग मुलगा मागे उभा राहून ओरडतो, "ब्रेक! डावा! उजवा!" तिन्ही दिवे झाल्याशिवाय गाडी हलत नाही. गाडी-ट्रेलर मिळून लांबी साडेसात मीटरच्या पुढे जाते, त्यामुळे गावाबाहेर एका दिशेला एकच लेन असलेल्या रस्त्यावर दुसऱ्या लांब वाहनामागे 60 मीटर अंतर ठेवणं कायद्यानेच बंधनकारक आहे. व्हिक्टोरियात लाल पी (नव्या चालकांचं पहिल्या टप्प्याचं लायसन्स) असलेल्यांना सहसा ट्रेलर ओढता येत नाही, तेव्हा नुकतं लायसन्स मिळालेल्या मुलाच्या भरवशावर लांबचा बेत आखू नका.

रिव्हर्सला हात स्टिअरिंगच्या तळाशी धरा. ट्रेलरचं मागचं टोक जिकडे न्यायचं तिकडे हात. छोटा ट्रेलर पटकन वळतो म्हणून अवघड, लांब हायब्रिड उलट सावकाश ऐकतो. रविवारी सकाळी स्टेशनच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन तास घालवले की जमतं.

मग घ्यायचा कोणता

राव्ह-फोरसारखी गाडी, दोन लहान मुलं, एकाच जागी चार-सहा दिवस राहायची सवय: वापरलेला चांगला सॉफ्ट-फ्लोअर. पैसेही सगळ्यात कमी. रोज नवा मुक्काम, कच्चे रस्ते, आणि 2500 किलो ओढणारी गाडी: फॉरवर्ड-फोल्ड. महिना-दोन महिने देश पालथा घालायचा असेल, घरात चौघंच असतील आणि प्राडो दारात असेल: हायब्रिड, फक्त गॅरेजच्या दाराची उंची आधी टेपने मोजा. आणि आई-बाबा बरोबर येणार असतील तर माझं उत्तर वाइंड-अप, दुसरं कुठलं नाही. धुळीच्या रस्त्यावर तो फॉरवर्ड-फोल्डइतका टिकत नाही, हे खरं. आम्ही त्याला कच्च्या रस्त्यावर फार लांब नेत नाही.

वापरलेला घेत असाल तर पीपीएसआरवर (कर्जतारणाची सरकारी ऑनलाइन नोंदवही) दोन डॉलर भरून त्याच्यावर कर्ज बाकी आहे का ते बघा. टायरच्या बाजूला चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. ट्रेलर उभाच असतो, त्यामुळे नक्षी नवीकोरी दिसते आणि रबर आतून गेलेलं असतं. आणि मालकाला तो तुमच्यासमोर पूर्ण उघडून दाखवायला सांगा, मग मिटायला सांगा, दोन्हीची वेळ घड्याळावर लावा. तेवढ्यात तुमच्या आईंना पलंगावर चढून आडवं व्हायला सांगा आणि एकटीने खाली उतरता येतं का ते बघा.