स्टेम सेलचं पॅकेज, डीएनएचा रिपोर्ट आणि आमचे २,२६,२०० रुपये

शिबिर गणपतीत लावलं, यातच त्या लोकांची हुशारी आली. चाकरमानी गावी आलेले असतात, वर्षभराने म्हातारे आईवडील समोर दिसतात, त्यांचा थरथरता हात दिसतो आणि मुंबईच्या मुलाच्या पोटात कालवतं. बाकी पत्रक करतं. आमच्या तालुक्यात हे होऊन गेलं. आता दापोली-गुहागरकडे असंच पत्रक फिरतंय असं कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

पत्रकावर होतं: 'तुमच्या डीएनएनुसार फक्त तुमच्यासाठी उपचार. कंपवात, मधुमेह, गुडघेदुखी, ऑटिझम.' चार आजार, चारही वेगळे, औषध मात्र एकच : स्टेम सेल, म्हणजे ज्यांच्यापासून शरीरातल्या वेगवेगळ्या पेशी घडतात त्या मूळ पेशी. असं पत्रक दिसलं की तिथेच चुलीत घाला.

आमचे अण्णा ७८ वर्षांचे, कंपवात जुना. नोंदणी ५०० रुपये, डीएनए चाचणी १८,५००. अण्णांनी तेवढ्यात पान लावलं होतं. शिबिरातल्या पोरीने कापसाची काडी गालाच्या आतून फिरवली, ती लालभडक होऊन बाहेर आली, तशीच नळीत गेली. खरी प्रयोगशाळा लाळ घेण्याआधी अर्धा तास काही खाऊपिऊ देत नाही. हे मला आता माहीत आहे. तेव्हा पांढऱ्या कोटाकडे बघत बसलो होतो.

रिपोर्ट आला तो गुळगुळीत कागदाचा, रंगीत, लग्नाच्या अल्बमएवढा जाड. दादा मोठ्याने वाचत होता. मध्येच थांबला. पानावर छापलं होतं, 'रजोनिवृत्तीनंतर हाडे ठिसूळ होण्याचा धोका : उच्च.' अण्णा म्हणाले, "अरे, माझी पाळी गेली कधी? मला कुणी सांगितलंच नाही!" सगळं घर हसलं. वहिनी तेवढी हसली नाही. म्हणाली, "भावोजी, आत्ताच्या आत्ता फोन लावा त्यांना."

लावला. पलीकडचा अजिबात गडबडला नाही. "काका, सॉफ्टवेअरने चुकीचा फॉर्म उचलला. डेटा शंभर टक्के बाबांचाच आहे." तासाभरात व्हॉट्सअ‍ॅपवर नवं पान आलं. 'रजोनिवृत्ती' गायब, तिथे 'वार्धक्य'. धोका तसाच, उच्च. तासाभरात शब्द बदलून येणारा रिपोर्ट प्रयोगशाळेत तयार होत नाही, झेरॉक्सच्या दुकानात होतो. ते पान अजून फोनमध्ये आहे. रात्री झोप येत नाही तेव्हा उघडून बघतो आणि डोकं सणकतं.

आता कुणी म्हणेल, एवढं दिसत होतं तर पैसे का भरले? सांगतो. दादा बी.एस्सी. झालाय, तोच म्हणाला की असले फॉर्म ऑफिसातही चुकतात. मी आंबेवाला. पेटीत वर देवगड आणि खाली कर्नाटक भरला असेल तर मला झाकण काढायच्या आधी वासावर कळतं. डीएनएला कसला वास येणार? शिवाय त्यांनी दाखवलेली कात्रणं खोटी नव्हती. जपानमध्ये क्योटो विद्यापीठात खरोखरच स्टेम सेलपासून बनवलेल्या पेशी कंपवाताच्या रुग्णांना दिल्या गेल्या. सात रुग्णांचे निष्कर्ष २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. खऱ्या बातमीला खोटं बिल जोडलं की भल्याभल्यांना समजत नाही.

पॅकेज २,८५,००० चं. पहिला हप्ता १,००,०००, तो वाशीच्या दलालाची पट्टी आली होती त्यातून. दुसरा १,००,०००, अण्णांची ठेव मोडून. घाटावरच्या एका छोट्या हॉस्पिटलात नेलं, गाडीचे ७,२०० वेगळे. पोटाची चरबी काढली आणि 'त्यातल्या पेशी जागृत करून' दुपारी सलाइनमधून हाताच्या शिरेत सोडल्या. पावतीवर लिहिलं होतं 'वेलनेस कन्सल्टेशन'. उपचार हा शब्द कुठेच नाही. पावती खिशात घालण्याआधी वाचा. तिच्यावर आजार, उपचार आणि डॉक्टरचा नोंदणी क्रमांक लिहिलेला नसेल तर पैसे तिथेच परत मागा.

आठवडाभर अण्णांचा हात खरंच शांत वाटला. आम्ही पेढे वाटले. नंतर न्यूरोलॉजिस्टने सांगितलं की कंपवातात नुसत्या विश्वासानेही काही दिवस फरक पडतो, हे जगभर नोंदलं गेलंय. त्या आठवड्यात फोन आला, "आता गोळ्या निम्म्या करा, पेशींना काम करू द्या." केल्या. अण्णा लाकडासारखे ताठ झाले आणि पडवीच्या पायरीवरून कोसळले. हाड मोडलं नाही ही देवाची कृपा. लेव्होडोपाची, म्हणजे कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाची, गोळी फोनवरच्या माणसाच्या सांगण्यावरून कमी करायची नाही. अचानक तोडली तर जिवावर बेतू शकतं.

न्यूरोलॉजिस्टने कागद घेऊन समजावलं. डोपामिन म्हणजे हालचाली सुरळीत ठेवणारं मेंदूतलं रसायन, कंपवातात ते कमी पडतं. क्योटोत पेशी आधी प्रयोगशाळेत डोपामिन बनवणाऱ्या घडवल्या आणि शस्त्रक्रिया करून मेंदूत सोडल्या. चरबीतल्या पेशी शिरेतून सोडल्या तर बहुतेक फुफ्फुसातच अडकतात, मेंदूपर्यंत जाऊन डोपामिन बनवत नाहीत. आणि जनुकं बघून औषध ठरवणं ही थाप नाही. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनचा कुणाला किती डोस लागेल हे काही अंशी जनुकांवर असतं. फिट्सवरच्या कार्बामाझेपिनने कुणाच्या त्वचेला भयंकर अपाय होऊ शकतो, हे एका जनुकचाचणीने आधी कळू शकतं. पण तिथे एक प्रश्न, एक चाचणी, एक उत्तर असतं. कंपवाताच्या बहुतेक रुग्णांत कुठलंही एक जनुक दोषी सापडत नाही. मग आमच्या अल्बममध्ये नेमकं काय मोजलं होतं?

आणि हे सगळ्यांनी पाठ करा : आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, रक्ताच्या वगैरे ठराविक आजारांसाठी मान्य असलेलं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेल मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर, म्हणजे रुग्णांवरच्या रीतसर संशोधन-चाचणीबाहेर, देताच येत नाहीत. ट्रायल असेल तर केंद्राच्या क्लिनिकल ट्रायल नोंदणीत तिचा क्रमांक असतो, २००९ पासून ही नोंदणी सक्तीची आहे. क्रमांक मागा. आणि ट्रायलच्या उपचाराचे पैसे रुग्णाकडून घेत नाहीत. पॅकेज म्हटलं की समजा.

एवढं हातात घेऊन गेलो पोलीस ठाण्यात. "स्वखुशीने दिलेत ना? दिवाणी मामला आहे." आरोग्य खात्याच्या कार्यालयात गेलो, तर हॉस्पिटल आमच्या जिल्ह्यात नाही. त्या जिल्ह्यात गेलो, तर शिबिर तुमच्याकडे झालं, तिकडे जा. औषधांचं बघणारे म्हणाले, पेशी औषधात धरायच्या का ते वर विचारावं लागेल. वर म्हणजे कुठे, ते सांगितलं नाही. डॉक्टरांच्या नोंदणीचं बघणाऱ्यांनी अर्जावर शेरा मारला, 'डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नमूद नाही, अर्ज अपूर्ण.' अहो, क्रमांक नाही हीच तर तक्रार आहे! पोच मागितली तर आवक-जावकवाला रजेवर. घरपट्टीची थकबाकी राहिली तर यांची नोटीस दारावर चिकटते, आणि म्हाताऱ्या माणसाच्या शिरेत काय सोडलं हे विचारायला एकालाही सवड नाही. चहा मात्र प्रत्येक टेबलावर होता. शिबिराला हार घालून फोटो काढणारे पुढारी तर आता फोनच उचलत नाहीत.

शेवटी ग्राहक आयोग. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या तक्रार घालता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षांची. वकील नसला तरी चालतं. आम्ही घातली आहे. त्या बदललेल्या पानाचे दोन्ही फोटो, वेळेसकट, जोडलेत. समोरच्यांनी उत्तरात लिहिलंय की आम्ही फक्त आहारविषयक सल्ला दिला.

म्हणून, ज्यांच्याकडे 'वेलनेस कन्सल्टेशन'च्या पावत्या आहेत त्यांनी त्या लाजेपायी फाडू नका. शिबिरात आमच्यापुढे रांगेत निदान तीस माणसं होती. आपापली तक्रार घाला, पत्रक असेल तर तेही जोडा. जुळणाऱ्या पावत्या चार ठिकाणांहून आल्या तर आहाराची गोष्ट टिकायची नाही.