सहावीच्या गणिताला एआय : आठ महिन्यांचा अनुभव

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यापासून सहावीच्या गणितासाठी एआय चॅटबॉट वापरतेय. शाळा मराठी माध्यमाची, वर्गात एक टीव्ही, खातं माझ्या फोनवरचं. त्याला 13 वर्षांची अट आहे आणि माझी मुलं 11-12 ची, म्हणून ती सांगतात आणि टाइप मी करते.

पहिले दोन आठवडे वैतागात गेले. मराठीत विचारलं तरी गणिताचे शब्द हिंदीतले यायचे. छेदाला 'हर', अपूर्णांकाला 'भिन्न', त्रिकोणाला 'त्रिभुज'. "बाई, हर म्हणजे?" आधीच अपूर्णांक डोक्यावरून जातात, त्यात हा घोळ. बालभारतीच्या पुस्तकाची पीडीएफ फुकट मिळते. आता चालू धड्याची पानं आधी देते आणि बजावते, 'यातलेच शब्द वापर. उत्तर सांगू नकोस. एका वेळी एकच प्रश्न विचार.' हे सांगायचं राहिलं की तो अख्खं गणित सोडवून मोकळा होतो आणि मुलं नुसतं उतरवून घेतात.

ऑगस्टमधला एक तास मात्र मी विसरणार नाही. एका मुलानं 1/2 + 1/3 = 2/5 केलं. अंशात अंश, छेदात छेद. ही चूक दरवर्षी होते आणि दरवर्षी मी लगेच म्हणते, "आधी लसावि काढ." टीव्हीवर प्रश्न आला, '2/5 हे अर्ध्यापेक्षा मोठं की लहान?' तो थबकला. चौकटीच्या वहीत 10 चौकटींची पट्टी आखली, 4 रंगवल्या, मग पाचव्या चौकटीवर पेन्सिल टेकवून बसला. "बाई, अर्ध्यात मिळवलं आणि कमी कसं झालं?" छेद 6 का करायचा, हे मग मला सांगावं लागलं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला सुचला नव्हता. आता फळ्यावर मीही तोच विचारते.

शाब्दिक उदाहरणं तयार करायलाही फार मदत होते. आठवडी बाजार, एसटीचं तिकीट, काय हवं ते. फक्त आधी स्वतः सोडवून बघावीत, नाहीतर साडेतीन मजूर असं उत्तर निघतं.

वह्या तपासायला दिल्या त्या एकदाच, नावं झाकून. एका मुलीनं 3/4 + 1/2 साठी छेद 8 घेतला, 10/8 काढले, मग 5/4. अगदी बरोबर. पण लसावि 4 असताना 8 घेतला म्हणून शेरा आला 'चूक'. न बघता ती वही तिला परत दिली असती तर तिनं स्वतःची रीत खोडून टाकली असती. तेव्हापासून वह्या मीच तपासते.