डीओटी युरिन कलेक्टरचं ट्रेनिंग: दोन कोर्स केले, कामाला आला एकच

न्यू जर्सी टर्नपाइकच्या एक्झिट ८-ए भोवती गोदामंच गोदामं आहेत. मी ज्या ऑक्युपेशनल हेल्थ क्लिनिकमध्ये काम करते तिथे सकाळी सातपासून ट्रकचालकांची रांग लागते. कुणी नवीन नोकरीसाठी आलेलं असतं, कुणाचं नाव रँडममध्ये, म्हणजे चिठ्ठी काढल्यासारख्या अचानक तपासणीत, निघालेलं असतं, तर कुणाचा आदल्या रात्री अपघात झालेला असतो. ड्रग टेस्टसाठी त्यांच्या लघवीचा नमुना डीओटीच्या, म्हणजे अमेरिकेच्या वाहतूक खात्याच्या, नियमाप्रमाणे घेणाऱ्याला इथे कलेक्टर म्हणतात. आपल्याकडचा जिल्हाधिकारी तो हा नव्हे, हे घरी फोनवर दोनदा सांगावं लागलं.

भारतात डीएमएलटी करून मी बारा वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये होते. लघवीचा नमुना घ्यायला काय शिकायचं, असंच मला वाटत होतं. हे काम वेगळं आहे हे दोन कोर्स केल्यावर कळलं. इथल्या बऱ्याच मराठी मैत्रिणी मेडिकल असिस्टंट किंवा फ्लेबॉटॉमीच्या (रक्त काढण्याच्या) कामात आहेत आणि पुढची पायरी म्हणून याची चौकशी करतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहिते आहे. दोन्ही कोर्सची नावं देत नाही. नावापेक्षा काय बघून कोर्स निवडायचा हे कळलं तर जास्त उपयोग होईल.

पहिला कोर्स स्वस्त होता, ३९ डॉलर. दीड तासाचे व्हिडिओ, शेवटी वीस प्रश्न, आणि उत्तरं बरोबर आली की लगेच प्रमाणपत्राची पीडीएफ. त्यावर सोनेरी शिक्का आणि ‘डीओटी सर्टिफाइड कलेक्टर’ अशी मोठी अक्षरं. मी खुशीत ते प्रिंट करून क्लिनिकच्या मॅनेजरला दिलं. त्यांनी वरून खाली वाचलं आणि एकच विचारलं, “मॉक्स कुणासमोर केलेस?” म्हणजे सरावाची, लुटुपुटीची कलेक्शन्स. माझ्याकडे उत्तर नव्हतं. कागद परत माझ्या हातात आला.

तेव्हा कळलेली पहिली गोष्ट अशी की डीओटी कुणालाही कलेक्टर म्हणून सर्टिफाय करत नाही. त्यांचा परवाना नाही की परीक्षा नाही. त्यांचा नियम आहे, ४९ सीएफआर (अमेरिकेचा केंद्रीय नियमसंग्रह) भाग ४०, आणि त्यातल्या ४०.३३ या कलमात कलेक्टरचं ट्रेनिंग कसं असावं ते लिहिलेलं आहे. नियमांची माहिती घ्यायची, प्रत्यक्ष पद्धतीचं शिक्षण घ्यायचं, आणि मग लागोपाठ पाच मॉक कलेक्शन्स एकही चूक न करता करून दाखवायची. ती बघणारा माणूसही अनुभवी लागतो: निदान वर्षभर नियमित डीओटी कलेक्शन करणारा, किंवा वर्षभर हेच शिकवणारा, किंवा ‘ट्रेन-द-ट्रेनर’ हा ट्रेनर घडवणारा कोर्स केलेला. त्याने समोर बसून किंवा थेट व्हिडिओवर तुम्हाला बघायचं आणि पाचही बिनचूक झाली असं लेखी द्यायचं. हे नसेल तर शिक्का कितीही सोनेरी असो, तुम्ही कलेक्टर नाही. माझे ३९ डॉलर गेले ते गेलेच. परतावा मागितला तर ‘डिजिटल प्रॉडक्ट’ म्हणून नकार आला. नवीन देशात जम बसवू पाहणाऱ्या बायकांना असे कागद विकणं मला आजही चुकीचं वाटतं.

दुसरा कोर्स मॅनेजरनेच सुचवला. सगळं धरून ३४५ डॉलर. आधी सहा तासांचे धडे आपल्या सोयीने बघायचे, मग पाच सराव किट घरी येतात आणि ट्रेनरबरोबर व्हिडिओ कॉलवर मॉक्स करायची. आमच्या ट्रेनर बाईंनी वीसेक वर्षं रेल्वे आणि ट्रक कंपन्यांसाठी कलेक्शन केलेलं. आवाज मृदू, पण नजर घारीची.

धड्यांबद्दल फार लिहीत नाही. माहिती बरोबर आहे, मांडणी कंटाळवाणी. खरं सांगायचं तर त्यातली बहुतेक माहिती फुकट मिळते. भाग ४० सरकारी साइटवर वाचता येतो, आणि डीओटीच्या ओडॅपसी (ड्रग नि अल्कोहोल धोरण) कार्यालयाची लघवी-नमुना मार्गदर्शिकाही तिथेच आहे. मी ती दोन्ही छापून पेन घेऊन वाचली. धड्यांत एक भाग मात्र मनाला लागला. ४ जानेवारी १९८७ला मेरीलँडमध्ये चेस इथे ॲमट्रॅकची प्रवासी गाडी कॉनरेल या मालगाड्यांच्या कंपनीच्या इंजिनांवर आदळली आणि १६ माणसं गेली. कॉनरेलचा चालक मारिजुआना घेऊन इंजिन चालवत होता. वाहतूक कर्मचाऱ्यांची ड्रग टेस्ट सक्तीची करणाऱ्या १९९१च्या कायद्यामागे असे अपघात आहेत. कपावरच्या रेघा नि सह्या यांच्या मागे कुणाची तरी मेलेली माणसं आहेत, हे एकदा कळलं की फॉर्म भरताना हात सावकाश चालतो.

खरा कोर्स म्हणजे ती मॉक्स. स्वयंपाकघरातलं टेबल रिकामं केलं, फोन स्टँडवर उंच लावला म्हणजे माझे हात आणि फॉर्म दोन्ही दिसतील. डोनर, म्हणजे नमुना देणारा, म्हणून नवऱ्याला बसवलं. लघवीऐवजी कोमट पाण्यात चहाचे चार थेंब. बाईंनी आधी बाथरूम दाखवायला लावली. कमोडच्या पाण्यात निळा रंग टाकला का, नळ बंद केला का, साबण, फिनेल, डस्टबिन हलवलं का. मग नवऱ्याचं ओळखपत्र बघणं, जॅकेट काढायला लावणं, खिसे रिकामे करून दाखवायला सांगणं, हात धुवायला सांगणं. सील असलेलं किट त्याच्या डोळ्यांसमोरच उघडायचं. कप परत आला की चार मिनिटांच्या आत तापमान बघायचं: ९० ते १०० फॅरेनहाइटच्या मध्ये हवं. निदान ४५ मिलिलिटर हवं. त्यातलं ३० ए बाटलीत आणि १५ बी बाटलीत ओतायचं. ओतायचं आपण, डोनरने नाही. आणि हे सगळं त्याच्या नजरेसमोर.

पाच मॉक्समधली दोन सरळ. एकात नमुना कमी पडतो, एकात तापमान चुकतं, आणि एकात डोनर फॉर्मवर सही करायला नि सीलवर आद्याक्षरं लिहायला नकार देतो. पहिली तीन सुरळीत झाली. कमी नमुन्याच्या मॉकमध्ये तीन तासांची मुदत नि ४० औंसांपर्यंत पाणी, ते थोडं थोडं करून द्यायचं, हे मी घडाघडा सांगितलं. चौथं तापमानाचं. नवऱ्याने नळाचं गार पाणी दिलं, कपाच्या तापमानपट्टीवर रंग उमटला नाही. आता इथे गडबड होते. पहिला नमुना फेकायचा नाही, तोही सीलबंद करून लॅबला जातो. आणि लगेच दुसरा नमुना घ्यायचा, नवीन किट, नवीन फॉर्म, आणि तो थेट निरीक्षणाखाली, म्हणजे त्याच लिंगाच्या निरीक्षकासमोर. एका फॉर्मवर दोन कलेक्शन्स केली तर टेस्टच रद्द.

पुढचं सगळं डोक्यात घोळत होतं आणि त्या नादात हाताने जुनी सवय दाखवली. आपल्याकडच्या लॅबमध्ये आधी लेबल तयार, मग बाटली. मी फॉर्मला चिकटलेल्या सीलवरच नवऱ्याला आद्याक्षरं लिहायला सांगितली, मग सील सोलून बाटलीवर लावलं. दिसायला सगळं नीटनेटकं. फोनमधून आवाज आला, “थांब. काय केलंस ते मला सांग.”

मला दोन मिनिटं कळेना. मग त्यांनीच क्रम म्हणायला लावला. सील बाटलीवर, झाकणावरून. मग त्यावर मी तारीख घालायची. मग डोनरची आद्याक्षरं, बाटलीवर लावलेल्या सीलवर. कारण त्या अक्षरांचा अर्थ ‘ही बाटली माझी, माझ्यासमोर बंद झाली’ असा आहे. अक्षरं आधी घेतली तर ते सील कुठल्याही बाटलीवर लागू शकतं, आणि त्या ट्रकचालकाने न बघितलेल्या गोष्टीची साक्ष त्याच्याकडून घेतल्यासारखं होतं. बाई म्हणाल्या, “त्याची नोकरी, त्याच्या घराचा हप्ता, सगळं त्या दोन अक्षरांवर आहे. त्याला ती नीट लिहू दे.”

आणि नियमाप्रमाणे मोजणी पुन्हा एकपासून. लागोपाठ पाच म्हणजे लागोपाठ पाच. झालेली तीन धरली जात नाहीत.

त्या क्षणी डोळ्यांत पाणी आलं होतं. बारा वर्षं हजारो नमुने हाताळलेली मी. पण आज मला वाटतं त्या ३४५ डॉलरमधले निदान ३०० त्या एका ‘थांब’ला दिले. व्हिडिओ कुणी थांबवत नाही. वीस प्रश्नांच्या परीक्षेत माझ्या हातांची सवय कुणाला दिसली नसती, आणि ती चूक मी पुढे रोज वीस माणसांवर केली असती.

पुन्हा केलेल्या पाचांत सहीच्या नकाराचं मॉक मला सगळ्यात शिकवून गेलं. नवरा हाताची घडी घालून बसला. माझ्या मनात आलं, नकार म्हणजे टेस्टला नकार. तसं नाही. त्याने नमुना दिला आहे. शेऱ्याच्या ओळीत ‘डोनरने सही नाकारली’ असं लिहायचं, त्याचं नाव छापील अक्षरांत घालायचं, आणि कलेक्शन पूर्ण करायचं. वाद घालायचा नाही, धमकावायचं नाही. टेस्ट पॉझिटिव्ह की नकार की आणखी काही, हे ठरवणारे आपण नव्हेच.

आता उणिवा. किट पाचच पाठवतात, आणि माझ्यासारखी कुणी चौथ्यात चुकली तर जादा किट विकत घ्यावे लागतात. मला २८ डॉलर आणि चार दिवस लागले. चूक होणं हा या ट्रेनिंगचा भागच आहे, तर दोन किट जास्तीचे द्यायला हवेत. दुसरं, धडे सगळे कागदी फॉर्मवर आहेत. आमच्या क्लिनिकमध्ये अर्ध्याहून जास्त काम इलेक्ट्रॉनिक फॉर्मवर चालतं आणि ते मला जागेवर शिकावं लागलं. थेट निरीक्षणाचा भाग फारच घाईत उरकला आहे. डोनरला सदरा कमरेच्या वर घ्यायला सांगणं, कपडे मांडीच्या मध्यापर्यंत खाली, गोल फिरायला सांगणं, हे कोरड्या यादीसारखं वाचून दाखवलं. एका माणसाला दुसऱ्या माणसासमोर हे करायला लावताना आवाज कसा ठेवायचा, हे बाईंनी मी विचारल्यावर सांगितलं, धड्यात नव्हतं. आणि ब्रेथ अल्कोहोल टेस्ट नि लाळेच्या नमुन्याचं ट्रेनिंग वेगळं आहे, या पैशात येत नाही. नोंदणी करताना हे स्पष्ट लिहिलेलं नव्हतं.

एक गोष्ट त्यांनी आपणहून शिकवली, ती पहिल्याच आठवड्यात उपयोगी पडली. आमच्याकडे पंजाबी ट्रकचालक खूप येतात. टोपी काढायला सांगणं हा पद्धतीचा भाग आहे. पण डोक्यावरचं वस्त्र धार्मिक कारणासाठी असेल आणि तो माणूस काढायला नाही म्हणाला, तर त्यात काही लपवल्याची दिसण्यासारखी खूण नसेल तोवर कलेक्टर त्याला सूट देऊ शकतो. साठीच्या आसपासचे एक सरदारजी आले होते. जॅकेट काढलं, खिसे टेबलावर रिकामे केले, आणि मग पगडीकडे बोट करून माझ्याकडे बघत राहिले. मी हिंदीत म्हटलं, “ये रहने दीजिए, अंकलजी.” त्यांनी हात जोडले. आधीच्या कुठल्यातरी ठिकाणी त्यांना ती उतरवायला लावली होती, असं ते जाताना म्हणाले.

प्रमाणपत्र यायला सहा दिवस लागले. त्यावर सोनेरी शिक्का नाही. माझं नाव, पाच मॉक्सच्या तारखा, बाईंची सही आणि त्यांची पात्रता काय आहे ती ओळ. त्याची एक प्रत क्लिनिकच्या फाइलमध्ये, एक माझ्याकडे. कुणी कंपनी किंवा डीओटीच्या एजन्सीचा माणूस मागेल तेव्हा दाखवावी लागते. पाच वर्षांनी रिफ्रेशर. मधे माझ्या चुकीमुळे एखादी टेस्ट रद्द झाली तर कळल्यापासून ३० दिवसांत त्या चुकीचं पुन्हा ट्रेनिंग आणि तीन मॉक्स.

कोर्स निवडताना फोन करून दोनच प्रश्न विचारा. मॉक्स थेट बघणार कोण, आणि तो माणूस हे काम स्वतः किती वर्षं करतो? पहिल्या कंपनीला मी नंतर मुद्दाम हेच विचारलं. उत्तर आलं, “मॉक्स तुम्ही घरी करा, आम्ही फॉर्म पाठवतो, सही करून घ्या.” तिथे पैसे भरू नका.

दुसऱ्या कोर्सला पाचापैकी चार तारे. पाचवा किटसाठी राखून ठेवला आहे. त्यांना तसं ईमेलही केलं आहे, अजून उत्तर नाही.